तीन पॅटर्न, तीन बॉल: निवड, लेआउट आणि ड्रिलिंगच्या प्रकल्प नोंदी

३ जून. कामाची आखणी

टेनपिन बोलिंगमध्ये उजव्या हाताने फिंगरटिप ग्रिपने (बोटं पहिल्या पेरापर्यंतच भोकात घालून) खेळणाऱ्या एका खेळाडूसाठी १५ पौंडाचे तीन बॉल तयार करायचे आहेत. लेनवर ऑइल ज्या मांडणीत पसरतात तो पॅटर्न. 'क' लांब आणि भरपूर ऑइलसाठी, 'ख' रोजच्या हाउस पॅटर्नसाठी, 'ग' आखूड पॅटर्नसाठी. स्पेअर (पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना) मारायचा पॉलिएस्टरचा बॉल आहे तो ठीक आहे. तो सरळ जातो, आणि त्याच्याकडून तेवढंच हवं असतं.

कामाचा क्रम असा: आधी लेन, मग हात, मग कव्हर (बॉलचं बाहेरचं आवरण) आणि सरफेस (त्याचा खरखरीतपणा), मग कोअर (आतला वजनाचा गाभा), आणि लेआउट (कोअरच्या संदर्भात भोकांची जागा) सगळ्यांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. बॉल आवडला म्हणून घेतला जातो, 'जोरदार हूकचा (वळणाचा) लेआउट मारा' म्हणून सांगितलं जातं, आणि मग लेनवर बॉल वळतच नाही किंवा वेळेआधीच वळून बसतो. ऑइलवर बॉल पकड घेणार की घसरणार, हे मुख्यतः त्याची कातडी, म्हणजे कव्हर, ठरवते. भोकं कुठे पाडली यावरून त्या वळणाच्या आकारात थोडा फरक पडतो, पण चुकीचं कव्हर कुठल्याही लेआउटने बरोबर होत नाही.

दुसरी अट: तिन्ही बॉल एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. नुसतं 'जास्त हूक, मध्यम हूक, कमी हूक' एवढं पुरत नाही. बॉल वळायला कुठे सुरुवात करतो आणि कसा वळतो, एकदम की सावकाश, यात फरक हवा. नाहीतर पिशवीत तीन बॉल असतात आणि उपयोग एकाचाच होतो.

५ जून. लेन आणि ऑइल

फाउल लाइनपासून हेडपिनपर्यंत (सगळ्यांत पुढची पिन) ६० फूट. रुंदी साडेएक्केचाळीस इंच, त्यात ३९ बोर्ड, म्हणजे एक बोर्ड १.०६ इंचाचा. उजव्या हाताच्या खेळाडूचं पॉकेट (हेडपिन आणि तिच्या उजवीकडची ३ नंबरची पिन यांच्यामधली जागा) उजवीकडून साडेसतराव्या बोर्डावर येतं, आणि तिथे साधारण ६ अंशांच्या कोनात शिरणारा बॉल सगळ्यांत जास्त स्ट्राइक देतो. ६ अंश म्हणजे किती? शेवटच्या एका फुटात बॉल सव्वा इंच, म्हणजे एका बोर्डाहून थोडा जास्त, आत सरकतो. उजव्या कडेच्या अगदी पहिल्या बोर्डावरून सरळ टाकलेला बॉल पॉकेटला दीड अंशसुद्धा कोन देऊ शकत नाही. हूकची सगळी गरज या आकड्यांतून येते.

पॅटर्नच्या कागदावर तीन गोष्टी बघायच्या: लांबी फुटांत, एकूण ऑइल मिलिलिटरमध्ये, आणि मधल्या व कडेच्या ऑइलचं प्रमाण. हाउस पॅटर्नमध्ये मध्ये ऑइल खूप आणि कडेला फार कमी असतं. चुकून बाहेर गेलेला बॉल कोरड्या बोर्डांवर वळून परत येतो, आत राहिलेला ऑइलवर घसरून पॉकेट धरून ठेवतो. स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे प्रमाण ३ ला १ किंवा त्याहून सपाट असतं आणि ही सवलत मिळत नाही.

लांबीवरून ब्रेकपॉइंट, म्हणजे बॉल वळायला लागतो ती जागा, काढायचा साधा हिशेब म्हणजे लांबीतून ३१ वजा करणे. उरलेला आकडा म्हणजे ऑइल संपताना बॉल ज्या बोर्डाच्या आसपास असावा तो बोर्ड.

३५ फूट: ४ था बोर्ड
४१ फूट: १० वा बोर्ड
४८ फूट: १७ वा बोर्ड

हा हिशेब अंदाजाचा आहे, पण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ४८ फुटांच्या पॅटर्नवर ऑइल संपल्यावर फक्त १२ फूट उरतात आणि बॉल जवळजवळ पॉकेटच्या रेषेतच असतो. तिथे ६ अंशांचा हट्ट धरायचा नाही. बॉल ऑइलमध्येच पकड घेऊन लवकर गडगडायला लागला पाहिजे. ३५ फुटांवर मात्र २५ फूट कोरडी लेन असते, म्हणून बॉल पार कडेला न्यावा लागतो आणि तो तिथून उसळून येता कामा नये. एका ठिकाणी पकड मिळवायची आहे, दुसऱ्या ठिकाणी आवरायची आहे. लांबी सांगते बॉल कुठे न्यायचा. ऑइल किती आहे ते सांगतं की सरफेस किती खरखरीत ठेवायचा.

८ जून. हात आणि पीएपी

वेग हातातून सुटताना ताशी साधारण १७ मैल. रिव्ह रेट (मिनिटाला किती फेऱ्या) काढायला बॉलवर पांढऱ्या टेपचा तुकडा लावून मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. एका पूर्ण फेरीला ४८ फ्रेम लागल्या. २४० भागिले ४८ म्हणजे सेकंदाला ५ फेऱ्या, मिनिटाला ३००. वेग आणि फिरकी यांचा मेळ आहे. वेग जास्त आणि फिरकी कमी असती तर तिन्ही बॉल एक पायरी खरखरीत ठेवावे लागले असते.

पीएपी, म्हणजे सुटताक्षणी बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्या अक्षाचं पृष्ठभागावरचं टोक, काढायला मुद्दाम स्पेअरचा प्लास्टिक बॉल घेतला. त्याचा ट्रॅक, म्हणजे लेनला लागणारा पट्टा, फारसा सरकत नाही, त्यामुळे ऑइलचं एकच स्वच्छ वर्तुळ उमटतं. रिअ‍ॅक्टिव्ह (ऑइल शोषणाऱ्या रेझिन कव्हरच्या) बॉलवर अनेक वर्तुळं दिसतात. त्यातलं बोटांच्या आणि अंगठ्याच्या भोकांना सगळ्यांत जवळचं पहिलं असतं, तेच धरायचं असतं. नवशिक्यांची इथेच गफलत होते.

वर्तुळावर ग्रीस पेन्सिलीने खुणा केल्या, सगळ्या खुणांपासून सारख्या अंतरावरचा बिंदू काढला आणि तिथे टेपचा छोटा गोल चिकटवून पुन्हा बॉल टाकला. टेप पहिल्या काही फुटांत जागच्या जागी फिरली तर बिंदू बरोबर. ती छोटं वर्तुळ काढताना दिसली तर चुकला. पहिल्या खुणेला टेप किंचित डगमगत होती. एक सूत वर घेतल्यावर स्थिर झाली.

पीएपी: ग्रिपच्या मध्यापासून ५ इंच उजवीकडे, ४ सूत वर. (या नोंदींत सूत म्हणजे १/८ इंच.)

लक्षात ठेवायचं: हे माप ग्रिपच्या मध्यापासून आहे. पुढे स्पॅन (अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर) बदलला तर मध्य सरकतो आणि माप पुन्हा घ्यावं लागतं.

१० जून. ग्रिपची मापं

मधल्या बोटाचा स्पॅन ४ इंच ३ सूत, अनामिकेचा साडेचार इंच. अंगठ्याला १ सूत रिव्हर्स पिच. पिच म्हणजे भोकाचा अक्ष बॉलच्या केंद्रापासून किती बाजूने जातो ते अंतर. रिव्हर्स असला की अंगठा लवकर सुटतो. तो जास्त झाला तर बॉल पडेल या भीतीने खेळाडू नकळत मुठीने आवळतो, आणि सगळी फिरकी तिथेच जाते.

बोटांना ३१/३२ इंच बाहेरच्या व्यासाचे इन्सर्ट (भोकात बसवायच्या नळ्या), आतला व्यास ११/१६. अंगठ्याला सव्वा इंचाचा स्लग (भोकात चिकटवायचा प्लास्टिकचा ठोकळा), आतून १ इंच. इन्सर्टची भिंत ९/६४ इंच आणि स्लगची १ सूत, दोन्ही मिळून १७/६४. म्हणजे ४ इंच ३ सूत तयार स्पॅन हवा असेल तर मशीनवर भोकांच्या जवळच्या कडांमधलं अंतर ४ इंच ७/६४ ठेवायचं. हे वजा करायचं राहून गेलं तर स्पॅन पाव इंचाहून जास्त लांब होतो, बोटं पूर्ण आत जात नाहीत आणि तळहात ताणला जातो. अशा स्पॅनवर महिनाभर खेळलं तर मनगट दुखायला लागतं. बॉल बिघडला तर दुरुस्त करता येतो. दुखावलेलं मनगट बरं व्हायला फार वेळ घेतं, म्हणून हा हिशेब दोघांनी वेगवेगळा करून ताडून बघितला.

दोन बोटांच्या भोकांमधला पूल पाव इंच. त्याहून बारीक ठेवला की तडा तिथूनच जातो.

१३ जून. बॉल ठरले

क: सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर, असिमेट्रिक कोअर. आरजी २.४८, डिफरन्शियल ०.०५२. आरजी कमी म्हणजे वजन केंद्राजवळ, बॉल लवकर फिरकी पकडतो. डिफरन्शियल जास्त म्हणजे ट्रॅक जास्त सरकतो आणि प्रत्येक फेरीला कव्हरचा कोरडा भाग लेनला लागतो. भरपूर ऑइलमध्ये हा कोरडा भागच उपयोगी पडतो.

ख: हायब्रिड (सॉलिड आणि पर्ल मिसळलेला) रिअ‍ॅक्टिव्ह, सिमेट्रिक कोअर, आरजी २.५४, डिफरन्शियल ०.०४२. पर्लचा (चमकीच्या कव्हरचा) विचार झाला होता, पण हाउस पॅटर्नवर मधल्या ऑइलमध्ये पर्ल फार घसरतो आणि कोरड्यावर फार उडतो. पर्ल चौथा बॉल म्हणून चांगला. एकच हाउस बॉल घ्यायचा असेल तर हायब्रिड.

ग: युरेथेन, सिमेट्रिक, आरजी २.५७, डिफरन्शियल ०.०१६. युरेथेन ऑइल शोषून घेत नाही आणि कोरड्यावर एकदम झडप घालत नाही. वळण गोल आणि सावकाश. आखूड पॅटर्नवर नेमकं हेच हवं.

यूएसबीसीच्या (अमेरिकेतल्या बोलिंगच्या नियामक संस्थेच्या) मर्यादा तपासल्या: आरजी २.४६ ते २.८०, डिफरन्शियल ०.०६० पर्यंत. तिन्ही आत आहेत.

१७ जून. लेआउट

पिन म्हणजे इथे कोअरच्या टोकाची बॉलवर दिसणारी खूण, लेनवरची पिन नव्हे; मास बायस म्हणजे असिमेट्रिक कोअरची जड बाजू दाखवणारी खूण. तीन आकडे लिहायचे: ड्रिलिंग अँगल, पिन ते पीएपी अंतर, व्हीएएल अँगल. व्हीएएल म्हणजे पीएपीमधून जाणारी उभी रेषा. पिन-पीएपी रेषा तिच्याशी किती अंशांचा कोन करते तो व्हीएएल अँगल, आणि पिन-पीएपी रेषा पिन-मास बायस रेषेशी किती कोन करते तो ड्रिलिंग अँगल. ही मांडणी मो पिनेल यांनी रुळवली. आकडे एका बॉलवरून दुसऱ्या बॉलवर, एका हातावरून दुसऱ्या हातावर नेता येतात, हा तिचा मोठा फायदा आहे.

पिन पीएपीपासून ३ इंच ३ सुतांवर असेल तर फ्लेअर (ट्रॅकचं सरकणं) सगळ्यांत जास्त. पीएपीवरच किंवा पावणेसात इंचांवर (बॉलच्या परिघाचा पाव भाग) असेल तर सिमेट्रिक बॉलमध्ये जवळजवळ शून्य. दोन्ही अँगलची बेरीज लहान असेल तर बॉल घसरण्यातून गडगडण्यापर्यंत लवकर पोचतो, मोठी असेल तर सावकाश.

क: ४५ अंश, ४ इंच, ३५ अंश. बेरीज ८०. मास बायसची खूण अंगठ्याच्या उजवीकडे साधारण दोन इंचांवर येते, कुठल्याही भोकात जात नाही.

ख: ५ इंच, ३५ अंश. सिमेट्रिक बॉल, म्हणून ड्रिलिंग अँगलवर वेळ घालवला नाही. सीजी (बॉलच्या गुरुत्वमध्याची खूण) ग्रिपच्या मध्याजवळ राहील एवढं बघितलं. पिन बोटांच्या वर, अनामिकेच्या बाजूला. पिन ते व्हीएएल अंतर २ इंच ३ सूत.

ग: इथे अडलं. आधी साडेचार इंच आणि ५५ अंश ठरवलं होतं. बॉलवर आखून बघितलं तर पिन ग्रिपच्या मध्यापासून अडीच इंच वर आणि अर्धा इंच उजवीकडे आली. अनामिकेच्या भोकाचा मध्य २.७ इंच वर आणि ०.६ इंच उजवीकडे. म्हणजे पिन सरळ भोकात. पिनमधून भोक पाडायला नियमाची आडकाठी नाही, पण कोअरचं डोकं कापलं जातं आणि भोकाच्या काठाला दोन वेगळ्या मालांचा सांधा येतो. व्हीएएल अँगल ७० केला. पिन आता मध्यापासून दीड इंच वर, अनामिकेच्या भोकाच्या खालच्या कडेपासून पाच सूत दूर. पिन खाली गेल्याने वळण आणखी गोल होईल, आणि आखूड पॅटर्नला ते चालतं, किंबहुना तेच बरं. शिवाय डिफरन्शियल ०.०१६ असलेल्या बॉलमध्ये १५ अंशांनी फार फरक पडत नाही.

एक धोका ठळकपणे नोंदवून ठेवतो. हा हिशेब सपाट कागदावर करू नये. कागदावर 'क' ची पिन ग्रिपच्या मध्यरेषेपासून पावणेतीन इंच उजवीकडे दिसते, प्रत्यक्ष बॉलवर ती सव्वा इंचच उजवीकडे असते. गोलावर उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. बॉलवर टेकणारी वाकडी पट्टी वापरायची. ती नसेल तर कागदाची अरुंद पट्टी बॉलवर ताणून धरायची आणि तिच्यावरूनच अंतरं घ्यायची.

२० जून. बोटांची भोकं

खुणा ग्रीस पेन्सिलीने, मध्यरेषा आणि व्हीएएल वेगळ्या रंगात. ड्रिल करण्याआधी प्रत्येक बॉलचा फोटो काढून ठेवला. भोक पडल्यावर खुणा पुसल्या जातात आणि मग वाद घालायला काही उरत नाही.

बॉल मशीनच्या कपात घट्ट बसवला, स्पॅन आणि पिच दोनदा वाचून लावले. बिट धारदार हवा. बोथट बिट कव्हर कापत नाही, तापवून वितळवतो. भोकाची भिंत चकचकीत होते आणि त्यावर इन्सर्टचा गोंद धरत नाही. अर्धा इंच खाली, मग बिट पूर्ण बाहेर काढून किस झटकायचा, पुन्हा अर्धा इंच. किस लांब आणि मऊ वेटोळ्यांत निघत असेल तर वेग बरोबर आहे. भुकटी निघायला लागली किंवा जळका वास आला की थांबायचं. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क, डोळ्यांवर चष्मा, बाह्या दुमडलेल्या.

बोटांची खोली पावणेदोन इंच. एका भोकातून सुमारे २५ ग्रॅम माल निघतो, म्हणजे एका औंसाला थोडं कमी. काठांना हलका चॅम्फर मारला, एक बोट फिरवल्यावर कुठेही धार लागू नये इतपतच.

'ख' मध्ये मधल्या बोटाचा लॅटरल (आडवा) पिच उलट्या बाजूला लागला होता. बिट टेकवण्याआधी तपासणीत सापडला. उजवीकडे-डावीकडे हे बॉलकडे बघून म्हणायचं की हातातून बघून, हे आधीच ठरवून मापांच्या कागदावर वर लिहून ठेवायला हवं होतं. आता लिहिलं आहे.

२१ जून. अंगठा

सव्वा इंचाचं भोक, आत स्लग इपॉक्सीने बसवला, रात्रभर सोडला. घाईने त्याच दिवशी बोअर केलं तर स्लग बिटबरोबर फिरतो आणि आतून वाकडा चिकटतो.

आज आतला व्यास काढला. एकदम १ इंचावर न जाता एक नंबर लहान घेऊन, मग हाताने पॉलिश पेपरने वाढवत गेलो. अंगठा पूर्ण गोल नसतो, म्हणून सांध्याच्या दिशेने थोडी लांबोळी जागा दिली. माप थंड हाताला घेऊ नये. खेळताना अंगठा सुजतो आणि काही गेमनंतर पुन्हा आकसतो. भोक सुजलेल्या अंगठ्याला बरोबर ठेवायचं आणि सुरुवातीला आत टेपचे दोन-तीन तुकडे लावून भरायचं, मग एकेक काढायचे.

वजनाच्या तराजूवर तिन्ही बॉल तपासले. वरची, बाजूची, बोटांकडची तफावत सगळीकडे दीड औंसाच्या आत. मर्यादा ३ औंस. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या खेळात बॅलन्स होल चालत नाही, त्यामुळे पूर्वी जास्तीच्या भोकाने फ्लेअर कमी-जास्त करता यायचा तो मार्ग बंद आहे. लेआउट चुकला तर भोकं बुजवून नव्याने पाडणं एवढाच उपाय. १७ तारखेला आखणीवर इतका वेळ घालवला तो यासाठी.

२४ जून. सरफेस

स्पिनरवर (बॉल फिरवणारं यंत्र), पाण्याने भिजवलेल्या पॅडने (खालचे आकडे पॅडच्या ग्रिटचे; आकडा लहान तितका सरफेस खरखरीत), बॉल चार बाजूंना फिरवून, प्रत्येक बाजूला ४० सेकंद, हाताचा दाब सारखा. एखाद्या बाजूला जास्त वेळ दिला तर ट्रॅकच्या पट्ट्यावर एक आणि बाकीकडे दुसरा सरफेस होतो आणि बॉल एकाच रेषेवर दोन वेगळी वळणं घेतो.

क: ५००, मग २०००.
ख: कारखान्यातून आलेली पॉलिश तशीच ठेवली.
ग: ५००, मग १०००.

२७ जून. ४८ फूट, भरपूर ऑइल

'क' ब्रेकपॉइंट ओलांडून गेला. पंधरापैकी नऊ चेंडू पॉकेटच्या उजवीकडे राहिले. फ्लेअर चांगला होता, ऑइलची वर्तुळं साडेचार इंच पसरली होती, भोकांपासून सगळी दूर. म्हणजे कोअर आणि लेआउट आपलं काम करत आहेत, कव्हरला पकड मिळत नाही. नेमक्या अशा वेळी लोक लेआउट बदलायला निघतात.

५०० ने पुन्हा घासला, वर फक्त १०००. पुढच्या पंधरात बॉल ३५ ते ४० फुटांच्या पट्ट्यात हलायला लागला आणि सपाट कोनात पॉकेटला गेला. मागच्या ओळीत १० नंबरची पिन चार वेळा राहिली. त्यातल्या तीन वेळा ६ नंबरची पिन १० च्या पुढून गटारात जाऊन पडली, म्हणजे बॉल आधीच शक्ती घालवून बसला होता. उभं राहण्याची जागा दोन बोर्ड उजवीकडे घेतली आणि रेषा थोडी सरळ केली, तेव्हा ६ ने १० ला अंगावर घेतलं. सरफेस आणखी खरखरीत करायची गरज नाही.

३० जून. ४१ फूट, हाउस पॅटर्न

'ख' पॉलिशमध्ये वाईट. आत राहिलेला चेंडू घसरत पॉकेटच्या उजवीकडे, दोन बोर्ड बाहेर गेलेला कोरड्यावर उडून हेडपिनच्या डावीकडे. एकाच खेळाडूचे, एकाच वेगाचे चेंडू, आणि तीन बोर्डांच्या फरकाला बारा बोर्डांचा फरक. हाउस पॅटर्नवर पॉलिश केलेल्या बॉलची ही ठरलेली तक्रार आहे. तो ऑइल आणि कोरडं यातला फरक वाढवून दाखवतो.

पॉलिश काढली, ३००० वर मॅट ठेवला. आता आत आणि बाहेर दोन्हीकडच्या चेंडूंचं वळण जवळ आलं. पॉकेटमध्ये दहातले आठ. बॉल जास्त हूक झाला नाही, अंदाज बांधता येण्यासारखा झाला. हाउस बॉलचं काम तेच आहे.

'क' इथे लावून बघितला: पहिल्या गेमला बरा, दुसऱ्या गेमपासून पुढचं ऑइल उडाल्यावर ३० फुटांतच वळून मेला. दोन बॉलमधला फरक पुरेसा आहे हे यातून दिसलं.

२ जुलै. ३५ फूट

'ग' ४ थ्या बोर्डाच्या आसपास नेला. पहिल्या दहापैकी आठ पॉकेटला, वळण एकसारखं. 'ख' त्याच रेषेवर प्रत्येक वेळी पलीकडे.

दुसऱ्या गेमच्या शेवटी 'ग' उशिरा वळायला लागला. युरेथेन ऑइल शोषत नाही, पुढे ढकलत नेतं, म्हणून ३५ फुटांपलीकडे पातळ पट्टा तयार होतो. उपाय बॉलवर नाही, उभं राहण्याच्या जागेत आहे: एक-दोन बोर्ड उजवीकडे, अजून ताजी लेन आहे तिथे. खेळ सुरू झाल्यावर सरफेस बदलता येत नाही आणि सामन्यात बॉल पुसायला फक्त कोरडा टॉवेल चालतो. म्हणून ग्रिटचा निर्णय सरावाच्या वेळातच झाला पाहिजे.

६ जुलै

'ख' चं अनामिकेचं इन्सर्ट सैल झालं. काढून बघितलं तर भिंतीवर चकाकी. बिट तापला होता, त्या दिवशी दिसलं नाही. भिंत पॉलिश पेपरने खरखरीत करून गोंद पुन्हा भरला. 'क' आणि 'ग' ची इन्सर्टही ओढून तपासली. घट्ट आहेत.

२८ ऑगस्ट. देखभाल

'क' चे ५५ गेम झाले. १००० चा सरफेस बोटांना आता २००० हून गुळगुळीत लागतो, आणि लांब पॅटर्नवर तो पुन्हा २७ जूनच्या पहिल्या चेंडूंसारखा घसरतो. रिअ‍ॅक्टिव्ह कव्हरची छिद्रं ऑइलने भरली की असं होतं, नुसतं घासून पुरत नाही. भोकांवर टेप लावली, ५५ अंश सेल्सिअस पाण्यात थोडा साबण घालून बॉल वीस मिनिटं बुडवला, काढून पुसला, पाणी बदलून पुन्हा बुडवला. पहिल्या पाण्यावर पिवळट तवंग आला, दुसऱ्यावर जेमतेम, तिसऱ्याला पाणी स्वच्छ. ६० अंशांच्या वर कधी जायचं नाही, आणि ओव्हन किंवा हीटगनने तर मुळीच नाही. बाहेरचं कव्हर आतल्या कोअरपेक्षा लवकर फुगतं आणि तडा जातो.

एक दिवस सुकवला. नंतर ५००, वर १०००, चारही बाजू, ४० सेकंद.

'ख' चे ४० गेम. अजून वीस गेमनंतर पाण्यात. तोवर प्रत्येक खेळानंतर बॉल गरम असतानाच क्लीनरने पुसायचा. थंड झाला की ऑइल आत ओढलं गेलेलं असतं.

'ग' ला पाण्याची गरज नाही. फक्त ट्रॅकचा पट्टा चमकतोय, तो १००० ने एकसारखा केला.

३० ऑगस्ट

'क' पुन्हा ४८ फुटांवर. वळायला सुरुवात ३५ ते ४० फुटांच्या पट्ट्यातच. वीस चेंडूंत सोळा पॉकेटला.